नळ्याची यात्रा: मागील अक्षाच्या बिघाडांचा एक इतिहास

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपण सारेच वापरतो. बहुधा दुसऱ्याच्या कर्तृत्वाच्या आधाराने फुकट मिरवणाऱ्या माणसाला उद्देशून. नळा म्हणजे वंगण भरून बैलगाडीला टांगलेली बांबूची नळकांडी. म्हणीच्या लेखी तो आपसूक पंढरपूर पाहून येणारा उपरा प्रवासी आहे. गाडीवानाचा अनुभव मात्र निराळा. वंगण आटले की चाकाचा तुंबा आसावर कोरडा घासू लागतो, करकर वाढते, लाकूड तापते, आणि यात्रा मध्येच थांबते. म्हण रचणारा गाडीत बसला होता, गाडीखाली वाकला नव्हता, असे म्हणावेसे वाटते. आसाखालचे हे ज्ञान आपल्या भाषेत आहे, पण त्याची नोंद थट्टेच्या सुरात झालेली आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही याच आसाच्या पुढच्या पिढीचा विचार करणार आहोत: जुन्या ट्रकचा मागील अक्ष, त्याला फिरवणारा लांब दांडा (गॅरेजच्या भाषेत प्रोपेलर शाफ्ट), आणि या दोहोंचे बिघाड ओळखण्याची रीत. हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे प्रयोजन सरळ आहे. बिघाड ओळखणे म्हणजे खुणांवरून अर्थ लावणे. आणि कोणत्या खुणेचा अर्थ कोणी लावला, तो कोणी मान्य केला, या प्रश्नाला इतिहास असतो.

आसाविषयीची चिंता आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४वे, 'अस्यवामीय' म्हणून ओळखले जाणारे सूक्त दीर्घतमस् ऋषीच्या नावावर आहे. त्यात पाच आऱ्यांच्या एका विश्वचक्राचे वर्णन येते, आणि त्या चक्राचा अक्ष प्रचंड भार वाहूनही तापत नाही, नाभीसह कधी झिजून मोडत नाही, असे सांगितले आहे. या रूपकाचे तात्त्विक अर्थ पुष्कळांनी लावले आहेत. आम्हांस त्यातला व्यावहारिक तपशील मोलाचा वाटतो. न तापणे आणि न मोडणे हे दैवी अक्षाचे विशेष म्हणून सांगावे लागले, कारण मानवी अक्ष भाराने तापत होते आणि मोडत होते. आजही लांब पल्ल्याचा जुना चालक ढाब्यावर थांबला की उतरून मागील चाकांच्या हबांवर हात ठेवून पाहतो. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा अधिक तापला असेल तर तेथे ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे. मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियलचे घर, नको इतके तापले असेल तर तेल कमी आहे किंवा आतली बेअरिंगे फार घट्ट बसली आहेत. सूक्तकाराचा आणि चालकाचा मापदंड एकच आहे: भाराखालचा अक्ष तापतो की नाही.

बैलगाडीचा आस स्थिर असतो. चाके त्याच्याभोवती फिरतात आणि ओढण्याचे काम बाहेरून, बैलांकडून होते. मोटारीत ओढणारी शक्ती आतून येते, त्यामुळे आसालाच फिरावे लागले, आणि तेथून नव्या अडचणी सुरू झाल्या. पहिली अडचण वळणाची. वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच सळईवर घट्ट बसवली तर एकाला घसरावे लागते. यावर दातेरी चाकांचा तोडगा, म्हणजे डिफरन्शियल, फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी १८२० च्या दशकाच्या अखेरीस पेटंट करून ठेवला होता. दुसरी अडचण उंचसखल रस्त्याची. इंजिन आणि गिअरबॉक्स चौकटीला बांधलेले असतात, तर मागील अक्ष पाट्यांवर सतत वरखाली होतो. हलत्या टोकापर्यंत फिरकी पोचवायची कशी? आरंभीच्या अनेक ट्रकांनी सायकलसारखी साखळी वापरली. साखळी उघड्यावर चिखल खात असे, ताणत असे, तुटत असे.

साखळीची जागा घेणाऱ्या दांड्याला सांधा हवा होता. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्दानो याचे नाव युरोपीय भाषांत आजही या दांड्याला चिकटलेले आहे. पण त्याने वर्णन केली होती ती हेलकाव्यातही सरळ राहणारी टांगणी. कोनात फिरकी पोचवणाऱ्या सांध्याचे वर्णन रॉबर्ट हुक याने १६७६ मध्ये, सूर्याकडे पाहण्याच्या उपकरणांविषयीच्या पुस्तकात केले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असलेल्या क्लेरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये मोटारीसाठी या सांध्याचे पेटंट मिळवले आणि साखळीचे युग संपत आले. आमच्या गॅरेजांत याच सांध्याच्या गाभ्याला 'क्रॉस' म्हणतात: चार टोकांचा पोलादी क्रूस, प्रत्येक टोकावर सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग.

हुकच्या सांध्यात एक मूळचाच दोष आहे, आणि जुन्या ट्रकच्या निम्म्या तक्रारी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. सांधा वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा एका बाजूने समगतीने आलेली फिरकी दुसऱ्या बाजूला समगतीने जात नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का असतो. २० अंशांचा असेल तर मिनिटाला १,००० फेरे घेणाऱ्या दांड्याचे पुढचे टोक क्षणात ९४० च्या गतीने, तर क्षणात १,०६४ च्या गतीने फिरू लागते. यावर उपाय म्हणजे दुसरा सांधा. पहिल्याने केलेली चूक दुसरा उलट करून निस्तरतो, मात्र दोन अटींवर: दोन्ही कोन सारखे असावेत, आणि दांड्याच्या दोन टोकांवरचे फाटे एका रेषेत असावेत. म्हणूनच दांड्याच्या सरकत्या जोडावर कारखान्यात बाणांच्या खुणा कोरलेल्या असतात. क्रॉस बदलताना कोणी दांडा सोडवला आणि पुन्हा बसवताना बाणासमोर बाण न आणता एकदोन खाचा फिरवून बसवला, तर भाग सारे नवे असूनही गाडी थरथरू लागते. असा ट्रक चाकांचे बॅलन्सिंग, इंजिनाचे माउंटिंग, सेंटर बेअरिंग असा सर्वत्र हिंडून येतो, आणि शेवटी एखादा म्हातारा मिस्त्री चिंधीने ग्रीस पुसून बाण पाहतो.

या मिस्त्रीकडे आपल्याला आता वळायचे आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक जुळवले जाऊ लागले. रेल्वे इंजिने बनवण्यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरातून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडू लागले. करार १९६९ मध्ये संपला, तारा गेला, पण त्या घडणीचे ट्रक पुढे कितीतरी वर्षे घाट चढत राहिले. त्यांच्या दुरुस्तीची पुस्तिका मराठीत वाचून शिकलेला मिस्त्री क्वचितच सापडेल. विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली, हातातून आणि कानांतून.

या विद्येची भाषा अभ्यासण्याजोगी आहे. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि पुढे अभियांत्रिकीचेही परिभाषाकोश सिद्ध झाले. ते काम आवश्यक होते. गॅरेजने मात्र आपली भाषा अगोदरच घडवली होती, आणि तिचे व्याकरण निराळे होते. तेथे नामे परकी राहिली: क्राउन, पिनियन, हब, एक्सल, क्रॉस. 'मिस्त्री' हा शब्दच पोर्तुगीज 'मेस्त्र'पासून आलेला. कोकणात तर तो 'मेस्त्री' असाच राहिला. क्रियापदे आणि ध्वनी मात्र अस्सल इथले. गाडी 'झटका देते', ब्रेक 'धरतो', बेअरिंग 'घरघरते', पिनियन 'रडतो', पाटा 'करकरतो', दांडा 'खडखडतो'. मराठीच्या व्याकरणग्रंथांत अनुकरणवाचक शब्द हा अभ्यस्त शब्दांचा एक छोटा पोटविभाग असतो. बोलीची गंमत, बालगीतांचा कच्चा माल, एवढीच त्यांची योग्यता मानली जाते. ट्रकखाली हेच शब्द निदानाची परिभाषा ठरतात. 'घरघर' आणि 'खडखड' यांत फरक न करणारा शागिर्द चुकीचा भाग खोलतो, आणि मालकाचा दिवस व पैसा वाया घालवतो.

ध्वनींचे हे शास्त्र कसे चालते ते थोडक्यात पाहू. गाडी उचलताना किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकताना 'टण्ण' असा एकच ठोका पडला, तर कोठेतरी मोकळीक आली आहे. ती क्रॉसमध्ये आहे, सरकत्या जोडाच्या खाचांत आहे, की क्राउन-पिनियनच्या दात्यांत, हे ऐकून कळत नाही. त्यासाठी चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दांडा हाताने मागेपुढे पिळून पाहावा लागतो. सांध्याचे दोन फाटे एकमेकांच्या विरुद्ध हलले तर क्रॉस गेला. फाटे एकत्र फिरून पिनियनची चकतीच अलीकडेपलीकडे डुलत असेल तर दोष घराच्या आत. सुईसारखे रूळ झिजण्यापूर्वी ते कोरडे पडतात आणि क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची पूड दिसू लागते. ही पूड वाचता येणाऱ्याला ठोक्याची वाट पाहावी लागत नाही.

ठोका नसून अखंड सूर असेल तर तो केव्हा बदलतो हे पाहायचे. ॲक्सिलरेटर दाबताच चढणारा आणि पाय काढताच बदलणारा रडवा सूर पिनियनच्या दात्यांचा किंवा बेअरिंगांचा. सरळ रस्त्यावर शांत राहून फक्त वळणावर उमटणारा आवाज डिफरन्शियलच्या पोटातील छोट्या दातेरी चाकांचा, कारण वळणावरच त्यांना खरे काम पडते. पाय ठेवा अथवा काढा, वेगाबरोबर चालणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. इंजिनाची थरथर वेगळी काढायची असेल तर उतारावर नव्हे, मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून इंजिन मंदावू द्यावे. थरथर तशीच राहिली तर ती मागच्या बाजूची.

येथे थोडे गणितही मदतीला येते. ट्रकचे चाक सुमारे एक मीटर व्यासाचे धरले तर ताशी ४० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला साधारण साडेतीन फेरे घेते. अक्षाचे गुणोत्तर ६ धरले तर दांडा त्याच वेळी सेकंदाला सुमारे २१ फेरे घेतो, आणि सांध्याचा दुहेरी हिसका ४२ वेळा होतो. म्हणून चाकाचा दोष मोजता येईल अशा लयीत जाणवतो; दांड्याचा दोष मोजता येत नाही, तो बैठकीतून झिणझिणी होऊन येतो. जुने मिस्त्री हे आकडे मांडत नाहीत, पण 'मोजता येतंय का?' एवढा एकच प्रश्न चालकाला विचारतात. त्या प्रश्नात हे सारे गणित आहे.

आतला दोष दुरुस्त करताना एक सुंदर रीत वापरली जाते. क्राउन आणि पिनियन यांचे दाते एकमेकांना नेमके कोठे टेकतात हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून क्राउनच्या काही दात्यांना तेलात कालवलेला लाल शिशाचा रंग लावतात आणि पिनियन फिरवून पाहतात. जेथे दाते टेकले तेथला रंग पुसला जाऊन ठसा उमटतो. ठसा दात्याच्या मध्याकडे हवा. तो मुळाशी गेला किंवा माथ्यावर चढला, आतल्या टोकाकडे किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकला, तर पातळ चकत्या घालून वा काढून पिनियन मागेपुढे केला जातो. लाल शिसे म्हणजे आपला शेंदूरच. रस्त्याकडेच्या मारुतीवर तो थरावर थर चढतो आणि मूर्तीचे नाकडोळे झाकून टाकतो. दात्यावर तो पातळ लावतात, कारण तेथे झाकलेले उघड करायचे असते.

आता अक्ष मोडण्याच्या प्रसंगाकडे येऊ, कारण या इतिहासाचा खरा भार तेथे आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा अक्ष म्यूदों येथे मोडला. डब्यांना बाहेरून कुलपे होती, आग लागली, पन्नासाहून अधिक माणसे मेली. दक्षिण ध्रुवाकडच्या सफरींनी प्रसिद्ध झालेला दर्यावर्दी द्युमों दुर्व्हिल कुटुंबासह त्यात जळाला. सुदृढ दिसणारा अक्ष अचानक मोडतो कसा? हादऱ्यांनी लोखंडाचे तंतू जाऊन ते स्फटिकमय होते, असा त्या काळचा रूढ समज होता. तेव्हा अवघ्या बाविशी-तेविशीत असलेल्या विल्यम रँकिन याने १८४३ मध्ये मोडलेले अक्ष तपासून दाखवले की मोड अचानक होत नाही. जाडी जेथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि ती दिवसेंदिवस आत सरकत जाते. १८५४ मध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट याने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच धातूच्या 'थकव्या'चा उल्लेख केला. पुढे प्रशियन रेल्वेतील आउगुस्ट व्योलर याने वर्षानुवर्षे प्रयोग करून सिद्ध केले की एका वेळी सहज पेलणारा भार असंख्य वेळा आलटून-पालटून पडला तर तोच अक्ष मोडू शकतो. थकवा हा शब्द माणसाकडून धातूकडे गेला, आणि तो नुसता अलंकार राहिला नाही, मोजमापाची संज्ञा झाला.

मोडलेल्या तोंडावर हा थकवा लिहिलेला असतो. चीर जसजशी थांबत-सरकत गेली, तसतशी ओहोटीच्या वाळूवर उमटाव्यात तशी वलये तेथे उमटतात. तो भाग घासून गुळगुळीत होतो. शेवटी उरलेले धातूचे बेट एका क्षणात तुटते, ते खडबडीत आणि ताजे दिसते. उलट एकाच जबर हिसक्याने तुटलेल्या अक्षावर वलये नसतात. सगळे तोंड ताजे असते, किंवा सळई पिळवटलेली दिसते. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत बेट लहान, याचा अर्थ मोड फार दिवस चालू होती.

जुन्या जड ट्रकांत चाकाचे वजन अक्षाच्या घरावर असते, आतली सळई फक्त फिरवते. त्यामुळे ती मोडली तरी चाक निखळत नाही. गाडी गिअरमध्ये असते, दांडा फिरतो, ट्रक जागचा हलत नाही. दांडा फिरत नसेल तर दोष क्लच वा गिअरबॉक्सचा. फिरत असेल आणि चाके उभी असतील तर मागचा. डिफरन्शियलचा स्वभावच असा की जिकडे विरोध नाही तिकडे तो सारी फिरकी देऊन टाकतो. घाटात हा स्वभाव घातक ठरतो. ज्या जुन्या गाड्यांत हातब्रेक गिअरबॉक्समागच्या दांड्यावर असे, त्यांत एक सळई मोडली की इंजिनाचा रोध आणि हातब्रेक दोन्ही एकदम निकामी होत. क्लीनरने दगड घेऊन उडी मारणे हे चित्रपटातील दृश्य वाटेल. यंत्राच्या रचनेतून आलेली ती गरज होती.

अशा मोडीनंतर प्रश्न येतो: दोष कोणाचा? 'ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला' हे उत्तर तयार असते, आणि त्याचा खर्च पगारातून कापण्याची सोय त्यात असते. हे उत्तर कधी खरेही असते. परंतु तोंडावर वलये असतील तर मोड त्या दिवसाची नाही. ती त्यापूर्वीच्या असंख्य खेपांची, क्षमतेबाहेर लादलेल्या मालाची आहे, आणि माल किती भरायचा हे सहसा चालक ठरवत नाही. जादा भार लादण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आळा घातला. २०१८ मध्ये शासनाने चार टायरांच्या एकेरी अक्षाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. कायद्याची मर्यादा एका अधिसूचनेने वाढते. रस्त्यावर अजून धावणाऱ्या जुन्या सळईची सहनशक्ती अधिसूचनेने वाढत नाही.

साहित्याच्या वर्गात आपण अनाम लेखकाच्या पोथीवरही पानेच्या पाने लिहितो; एका पाठभेदासाठी हस्तलिखिते धुंडाळतो. मोडलेल्या अक्षाचे तोंड हीदेखील एक तारखांची पोथी आहे, आणि ती वाचू शकणारी माणसे आपल्याच भाषेत, 'घरघर' आणि 'खडखड' यांच्यात काटेकोर भेद करत, आजही काम करीत आहेत. आमचे म्हणणे त्यांच्या भाषेचा गौरव करावा एवढ्यापुरते नाही. त्यांचे वाचन पुरावा म्हणून कोठे नोंदले जाते का, हा प्रश्न आहे. आज बहुतेक वेळा असे होते की नवी सळई बसते, ट्रक त्याच संध्याकाळी निघतो, मोडलेले दोन तुकडे भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जातात. आणि वलयांवर कोणी नजर टाकण्यापूर्वी ती वितळून जातात. वहीत चालकाच्या नावापुढची रक्कम तेवढी राहते.